सासरचं नाव

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहण्याचे तोटे सांगायला बसलो तर लेख तिथेच संपेल. फायदा एकच आहे आणि तो माझ्या आत्याने शोधून काढला. इथल्या भाजीवाल्याकडे कधीही खलनायिका भेटू शकते. मराठी मालिकांचं बरंचसं चित्रीकरण या रस्त्याच्या आजूबाजूला चालतं. त्यामुळे रात्री जी बाई सुनेच्या वाटेत जिन्यावर तेल ओतते, तीच सकाळी साडेसातला आपल्या शेजारी उभी राहून मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत असते.

आत्या सांगलीची. हायस्कुलात ३५ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. पावसाळ्यात दोन-तीन महिने आमच्याकडे येते आणि येताना भडंग, हळद आणि मालिकांचं वेळापत्रक घेऊन येते. जुलैमधल्या एका सकाळी ती वांगी निवडत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो. शेजारी एक मुलगी आली. केसांना क्लचर, पायात रबरी चप्पल, चेहऱ्याला काही म्हणजे काही लावलेलं नाही. मी तिला सात जन्मांत ओळखलं नसतं. आत्याने हातातलं वांगं टोपलीत परत ठेवलं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, “काय गं, त्या बिचारीच्या औषधाची बाटली बदलताना तुझा हात नाही थरथरला?”

भाजीवाल्याचा तराजू हवेत तसाच राहिला.

“आजी, ते मला तसं लिहून देतात हो,” मुलगी म्हणाली.

“लिहून दिलं म्हणून करायचं? उद्या लिहून देतील, विहिरीत उडी मार म्हणून.”

“तो सीन पुढच्या महिन्यात आहे.”

यावर आत्या जरा विरघळली. विहिरीला पाणी किती, पोहता येतं का, आईला हे ठाऊक आहे का, अशी चौकशी झाली. शेवटी तिने नाव विचारलं. मुलीने सांगितलं. “छान आहे हो,” असं म्हणून आत्याने ते ऐकून घेतलं आणि सोसायटीच्या फाटकाशी पोचेपर्यंत विसरूनही गेली. घरी बातमी गेली ती पात्राच्या नावानेच. वर पुरवणी अशी, की भाजीवाल्याने तिला कोथिंबीर फुकट दिली, म्हणजे या जगात वाईट माणसांचंच चांगलं होतं.

“आत्या, अगं ती नटी आहे,” मी म्हणालो.

“मला कळत नाही का? ‘समजा, क्ष बरोबर पाच’ असं फळ्यावर लिहिल्यावर ‘बाई, पण क्ष खरंच पाच आहे का’ असं विचारणारी कार्टी मी वर्गाबाहेर उभी केलीत.”

त्यानंतर बराच वेळ मी गॅलरीत उभा होतो. वर्गाबाहेर असल्यासारखा.

प्रेक्षकांना पडद्यावरचं आणि खरं यांतला फरक कळत नाही, असं म्हणून हसण्याची एक शिकलेली पद्धत आहे. मीही तसा पुष्कळ हसलो आहे. पण आत्याचं म्हणणं निराळंच निघालं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती, कुठे कुठे अजूनही आहे. त्या दिवसापासून माहेरचं नाव उरतं ते शाळेच्या दाखल्यावर आणि भावाच्या तोंडात. आत्याला माहेरच्या नावाने हाक मारणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे वडील. तेही आता नाहीत. तेव्हा एखादं माणूस आपल्या घरी ज्या नावाने आलं तेच त्याचं नाव, यात तिला काही वावगं वाटत नाही. नटाला आईबापांनी ठेवलेलं नाव हे माहेरचं. मालिकेच्या पहिल्या भागात आपण तांदळात लिहितो ते सासरचं.

सिनेमाच्या लोकांना हा नियम लागू नाही. अमिताभ बच्चन यांनी विजय नावाच्या कितीतरी भूमिका केल्या, पण त्यांना कुणी ‘अहो विजयराव’ म्हणत नाही. सिनेमाला आपण त्यांच्या दारी जातो, पैसे मोजतो, अंधारात गप्प बसतो. मालिकेतला माणूस आपल्या दारी येतो, तोही आपण बनियनवर बसून आमटी भुरकत असताना. इतक्या जवळून बघितलेल्या माणसाला आडनावाने कोण ओळखणार?

‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये संपली. म्हणजे साडेचार वर्षं गुरुनाथ सुभेदार नावाचा इसम आमच्या घरी जेवणाच्या वेळी येऊन बायकोशी खोटं बोलत होता. अभिजीत खांडकेकर हे त्याचं माहेरचं नाव. पुढे २०२२ मध्ये हेच गृहस्थ ‘तुझेच मी गीत गात आहे’मध्ये मल्हार बनून आले आणि आमच्याकडे एकदम शांतता पसरली. आत्याने भडंगाचा घास तोंडाजवळच थांबवला. “याला पुन्हा संसार मांडून दिला कुणी? आधीच्या घरी चौकशी नाही का केली या लोकांनी?” मी सांगू लागलो की हा निराळा माणूस आहे, गायक आहे, आणि वाहिनीसुद्धा निराळी आहे. “वाहिनी बदलली म्हणून वळण बदलतं का?” मग काय वाटलं कोण जाणे, तिला २०१०ची ‘माझिया प्रियाला प्रीत कळेना’ आठवली. त्यात तो नायक होता आणि चांगला होता. “तेव्हा किती गुणी होता रे,” ती हळहळली. “मधल्या काळात संगत लागली.”

गुरुनाथची ती संगत, म्हणजे शनाया, हे तर नियमाचं दुसरं टोक. रसिका सुनील मध्येच शिकायला अमेरिकेला गेल्या, त्यांच्या जागी ईशा केसकर आल्या आणि काही काळाने पुन्हा रसिका सुनील परतल्या. पदवीधर प्रेक्षकाला अशा वेळी अन्नपाणी गोड लागत नाही. आत्याने तीन दिवस तोंड वाकडं केलं आणि चौथ्या दिवशी नवीला जुन्याच शिव्या सुरू केल्या. नाव तेच, घर तेच, उद्योग तेच, मग चेहऱ्याचं काय एवढं? आणि पहिली परत आली तेव्हा तिने एका वाक्यात निकाल लावला, “माहेरपणाला गेली होती, आली.” गुरुनाथच्या बायकोची, राधिकेची, गंमत आणखी वेगळी. तिची वऱ्हाडी बोली ऐकून आमच्या मजल्यावरच्या नागपूरच्या वहिनींनी तिला आपल्या गावची म्हणून केव्हाच दत्तक घेतलं होतं. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, असं मी एकदा बोलून गेलो. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नाशिकवर राग नव्हता, सांगणाऱ्यावर होता.

‘तुझ्यात जीव रंगला’च्या बाबतीत तर वर्तमानपत्रांनीही हात टेकले. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला तो वाडा, तांबड्या मातीतला राणादा, शाळेत शिकवणाऱ्या पाठकबाई. मालिका २०२१ मध्ये आटोपली आणि डिसेंबर २०२२ मध्ये हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी पुण्यात खरोखरचं लग्न केलं. बातम्यांचे मथळे मात्र राणादा-पाठकबाईंचेच. आत्याने पेपर चष्म्याजवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, “पुन्हा? अरे, यांचं लग्न झालंय की. मी होते.” ती होती हे खरंच. त्या लग्नाच्या भागाला तिने शिरा केला होता आणि खालच्या मजल्यावरून दोघींना बोलावलं होतं. “आधीचं काही रजिस्टर केलं नसेल,” असं म्हणून शेवटी तिनेच वाट काढली.

आता याच नियमाने झालेला एक अन्याय सांगतो, कारण तो मला खरोखर लागतो. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या १९८२च्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या. त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. दिलीप प्रभावळकर २००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले. म्हणजे पडद्यावरचे बापू आणि बा दोघंही मराठी, दोघंही आपल्या घरातले. पण या घरात त्यांची ओळख काय? रोहिणीताई म्हणजे आशा देशमुख, ‘चार दिवस सासूचे’मधल्या सासूबाई. ते चार दिवस २००१ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये संपले. भाग झाले ३,०००हून अधिक. सबंध स्वातंत्र्यलढा अ‍ॅटनबरोंनी सव्वातीन तासांत आवरला होता. आणि प्रभावळकर म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा. कस्तुरबा सासू आणि गांधीजी आजोबा, अशी राष्ट्राची वाटणी आम्ही घरगुती पातळीवर करून टाकली आहे.

प्रभावळकरांना मात्र एका नावात कोंडून ठेवणं कुणालाच जमलं नाही, हे मान्य करायला हवं. माझ्या वडिलांसाठी ते दूरदर्शनवरचे चिमणराव होते, बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसकट. आत्यासाठी आबा. माझ्या पिढीसाठी १९९३च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. हे तिघं एकच गृहस्थ आहेत, असं आमच्या धाकट्याला सांगितलं तेव्हा तो रडायलाच लागला. आजोबांसारखे दिसणारे आबा रात्री बाहुल्यात शिरतात ही कल्पना त्याला सोसली नाही. काही माणसांना तांदळाचं ताट पुरत नाही, पोतं लागतं.

‘चार दिवस’मधली सून होती अनुराधा, म्हणजे कविता लाड. २०२३ मध्ये त्या ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये भुवनेश्वरी झाल्या, जिच्यापुढे घर चळचळा कापतं अशी सासू. आत्याला यात तिळमात्र आश्चर्य वाटलं नाही. “एवढी वर्षं सोसलं बिचारीने. आता तिचे चार दिवस नकोत का?” इतकी सलग पटकथा कुठल्याही वाहिनीला सुचलेली नाही.

या सगळ्याची गंगोत्री म्हणजे अर्थातच रामानंद सागर यांचं ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ला ते सुरू झालं. आमच्या सांगलीच्या वाड्यात तेव्हा एकच टीव्ही होता, तो मालकांचा. रविवारी सकाळी त्याला हार घातला जाई आणि चपला बाहेर काढून सगळे सतरंजीवर बसत. मध्ये साबणाची जाहिरात लागली की हात जोडलेले ठेवायचे की सोडायचे, हा प्रश्न आम्हा पोरांना फार पडायचा. मंथरा झाल्या होत्या ललिता पवार, आमच्या येवल्याच्या. आयुष्यभर हिंदी सिनेमातल्या सुनांना छळून त्यांनी ही बढती मिळवली होती. सून छळता छळता थेट रामाला वनवासात पाठवायचं, म्हणजे आणखी वर जायला जागाच नाही.

पुढचं मात्र सागरांनीही लिहिलं नव्हतं. १९९१च्या निवडणुकीत दीपिका चिखलिया बडोद्याहून आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठ्याहून लोकसभेवर गेले. सीता आणि रावण, एकाच सभागृहात, एकाच पक्षाच्या बाकांवर. १९९६ला जमशेदपूरहून बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’तला कृष्ण निवडून आला. नितीश भारद्वाज शिक्षणाने पशुवैद्य आहेत. गोकुळासाठी इतका योग्य माणूस चोप्रांना दुसरा कुठे मिळाला असता? रामाची पाळी आली ती थेट २०२४ला, मेरठहून. वनवास चौदा वर्षांचा असतो अशी आपली समजूत. अरुण गोविलांना सीता-रावणाच्या मागून दिल्ली गाठायला तेहतीस वर्षं लागली.

पण नावाचा हा जाच सगळ्यांत निमूटपणे सोसला तो निळू फुले यांनी. ते मालिकांच्या आधीचे, सिनेमा-तमाशातले, तरी आमच्या आजीच्या लेखी तेही घरात शिरलेलेच होते. मघाचा सिनेमाचा नियम त्यांनी एकट्याने मोडला. नुसतं नाव निघालं तरी ती पदर सावरायची. हा माणूस राष्ट्र सेवा दलातून आलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात उभा राहिलेला. महाराष्ट्राने त्यांच्या वाट्याला दिली ती ‘बाई, वाड्यावर या’ ही तीन शब्दांची हाक. आजही कॉलेजातली पोरं ती नक्कल करतात आणि त्यातल्या निम्म्यांनी त्यांचा एकही सिनेमा बघितलेला नसतो. माळ्याने गुलाब लावावेत आणि लोकांनी फक्त काट्यांची आठवण ठेवावी, तसं झालं. आजीला मी एकदा म्हणालो होतो की ते फार सज्जन गृहस्थ आहेत. “असतील,” ती म्हणाली, “पण दाराला कडी घाल.”

कडीवरून आठवलं. कडी घालून उपयोग नाही अशीही एक मालिका आहे. ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली, मग २०२४च्या अखेरीस पुन्हा उभी राहिली. इतक्या वर्षांत इन्स्पेक्टर दयाने किती दारं तोडली याचा हिशेब एखाद्या सुतारालाच विचारावा. एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम, एके काळी सेंट्रल बँकेत नोकरीला होते. ‘कुछ तो गडबड है’ हे वाक्य बँकेत ऐकलं असतं तर खातेदारांची पळापळ झाली असती. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेत या एसीपींचा मृत्यू दाखवला आणि वाहिनीने समाजमाध्यमांवर रीतसर श्रद्धांजली टाकली, १९९८ ते २०२५ असं लिहून. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांत सोळा जणांनी हात जोडले. सतराव्याने विचारलं, “अंत्ययात्रा किती वाजता?” आत्या तेव्हा सांगलीला होती. तिने फोन करून एवढंच सांगितलं, “प्रेत नीट दाखवलंय का? नाही ना? मग येतोय तो.” आणि खरंच, पुढे ते परत आले. पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला अर्धवट सोडवलेलं गणित लगेच कळतं.

आत्याचा हा सगळा कारभार बघताना मला कधी कधी त्या बाजूच्या माणसांचं वाईट वाटतं. बारा-बारा तास चित्रीकरण करायचं, दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीकडे डोळे लावायचे, आणि एवढं करून घराबाहेर पडावं तर आपल्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. एका नटाशी माझी बऱ्यापैकी ओळख आहे. गेली चार वर्षं तो एका मालिकेत थोरला भाऊ आहे. त्याच्या मुलाच्या शाळेत पालकसभेला गेला तर वर्गशिक्षिका त्याला मालिकेतल्याच नावाने हाक मारतात आणि “धाकट्या भावाला दुकानात हिस्सा देऊन टाका हो,” असं कळकळीने सांगतात. प्रगतिपुस्तकावर त्याने एकदा चुकून सहीदेखील त्याच नावाने केली. ती कुणाच्या लक्षातही आली नाही. मी विचारलं, राग येतो का? “येत होता,” तो म्हणाला. “आता मालिका संपत आलीये. परवा किराणावाल्याने मला ‘साहेब’ म्हटलं. पोटात गोळा आला.”

आत्याच्या खलनायिकेचं पुढे असं झालं. ऑगस्टमध्ये तिने विहिरीत उडी मारली, पण ती बुडाली नाही. शेवाळावर उमटलेल्या पावलांवरून बाटलीचं प्रकरण उघडकीला आलं आणि श्रावणातल्या एका महाएपिसोडमध्ये तिला पोलीस घेऊन गेले. आत्याने त्या रात्री टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वाजवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “जेवणाचं काय करत असेल?”

सांगलीला परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा भाजीला गेलो. तीच मुलगी, तोच क्लचर, या वेळी दुधी. मी आत्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता. आत्या तिच्याजवळ गेली, इकडेतिकडे बघून आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, “सोडलं का गं तुला?”

“नाही हो आजी. अजून काही ठरलं नाही. बसून आहे महिनाभर घरीच. वरून काही कळवतच नाहीत.”

आत्याने आपल्या पिशवीतली लिंबं तिच्या पिशवीत घातली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“हायकोर्टाचं असंच असतं,” ती म्हणाली.